तलावाच्या पाण्यातून, बांधीच्या चिखलातून कुष्ठरोग येतो का?

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

रोवण्याचे दिवस आहेत. तुमच्यातल्या कितीतरी जणी आत्ता बांधीतून येऊन, पायाचा चिखल धुऊन, चूल पेटवता पेटवता ऐकत असतील. म्हणून आज चिखलाचंच बोलते. चिखलाचं, तलावाचं आणि कुष्ठरोगाचं.

मी बचत गटांचं काम बघते. महिन्याला वीस-बावीस बैठका होतात. गेल्या महिन्यात एका गावात हिशेबाची वही उघडायच्या आतच एक ताई म्हणाली, "मॅडम, आधी एक सांगा. महारोगाचे जंतू मातीत आन् पाण्यात सापडले म्हणतात. मोबाईलवर आलं. मग आमी रोवणा कसा करायचा?"

प्रश्न वरवर मातीचा होता, पण त्याच्या पोटात दुसरंच होतं. त्या गटातल्या एका सदस्येला सहा महिन्यांपासून कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पाकीट येतं, ती घेते, कामही करते. तोवर कोणाला काही अडचण नव्हती. मोबाईलवरचं ते वाचलं आणि आठ दिवसांत तीन गोष्टी ठरल्या. तिनं रोवण्याच्या टोळीत यायचं नाही, कारण एकाच बांधीत सगळ्यांचे पाय. तिनं तलावाच्या मोठ्या घाटावर कपडे धुवायचे नाहीत, खालच्या अंगाला जायचं. आणि बचतीचे पैसे तिनं पोराच्या हातून पाठवायचे. हे ठरवणाऱ्या बाया काही वाईट नाहीत. त्यातल्या एकीनं मागच्या वर्षी याच बाईच्या बाळंतपणात तिला सव्वा महिना शिजवून घातलं होतं. त्यांना भीती होती ती आपल्या लेकरांची. पण रोवण्याची मजुरी गेली म्हणजे वर्षाचं मीठ-मिरची गेलं, हे ज्या घरात घडतं त्या घरालाच कळतं.

तर आधी प्रश्नाचं उत्तर देते. मोबाईलवर आलं ते सगळं खोटं नाही. कुष्ठरोगाच्या जंतूच्या खुणा मातीत आणि पाण्यात सापडल्या आहेत, आपल्या देशातच सापडल्या आहेत. फक्त त्याचा अर्थ गावात लावला गेला तो नाही. तो अर्थ समजायला हा जंतू आहे कसा, ते थोडं बघावं लागेल.

हा जंतू नॉर्वे देशात बर्गेन गावी डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. त्याआधी जगभर लोक याला पाप म्हणत, शाप म्हणत, आनुवंशिक म्हणत. शोध लागून दीडशे वर्षं झाली, पण अजूनही हा जंतू प्रयोगशाळेत बशीत वाढवता येत नाही. बाकीचे कितीतरी जंतू खायला घातलं की वाढतात. हा वाढत नाही. त्याला जिवंत शरीर लागतं. म्हणून शास्त्रज्ञांना तो उंदराच्या पायाच्या तळव्यात वाढवावा लागतो. तळव्यातच का? तर त्याला थंडावा आवडतो. आपल्याही अंगात तो नाक, कानाच्या पाळ्या, हात, पाय, कातडी अशा गार जागा धरून बसतो.

तुम्ही मोहाच्या नाहीतर आंब्याच्या झाडावर बांडगूळ बघितलं आहे. स्वतःचं मूळ मातीत नाही, झाडाच्या फांदीत घुसलेलं. झाडाचं पाणी पितं आणि हिरवंगार राहतं. ते तोडून खाली टाकलं तर दोन-चार दिवस हिरवं दिसतं, पण मातीत मूळ धरत नाही. कुष्ठरोगाचा जंतू तसा आहे. २००१ साली शास्त्रज्ञांनी त्याची सगळी आतली मांडणी वाचून काढली, तेव्हा दिसलं की स्वतंत्र जगायला लागणारं पुष्कळसं सामान त्यानं गमावलेलं आहे. मातीत पडला तर काही काळ टिकेल, पण तिथं त्याची शेती होत नाही.

आणि किती सावकाश वाढतो बघा. रात्री विरजण लावलं की सकाळी दही, इतक्या झपाट्यानं दह्याचे जंतू वाढतात. क्षयाचा जंतू साधारण एका दिवसात दुप्पट होतो. हा कुष्ठाचा जंतू एकाचे दोन व्हायला बारा ते चौदा दिवस घेतो. म्हणून जंतू अंगात शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात. कोणाला एका वर्षात दिसतो, कोणाला वीस वर्षांनीही. आपली सगळी गडबड इथंच होते. यंदा चट्टा दिसला म्हणजे यंदाच काहीतरी झालं असणार, असं आपण धरतो. कालचं पाणी, परवाची भाजी, शेजारणीची नजर, जे जवळ दिसेल त्याच्यावर ढकलतो. पाच वर्षांपूर्वी कोणाच्या शेजारी झोपत होतो, हे कोणाच्या लक्षात असतं?

आता मातीचं. हे संशोधन नवं नाही. १९८६ सालीच मुंबईच्या मातीतून हा जंतू वेगळा काढल्याचा अहवाल 'लेप्रसी रिव्ह्यू' या नियतकालिकात आला होता. त्यात परदेशी शास्त्रज्ञ काझ्दा यांच्यासोबत बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टचे डॉ. गणपती होते. तेव्हा आजच्यासारखी डीएनए तपासणी हाताशी नव्हती. त्याआधी आणि नंतर डॉ. देसिकन यांनी एक साधा पण फार कामाचा प्रयोग केला. रुग्णाच्या शरीराबाहेर हा जंतू किती दिवस जगतो? १९७७ साली त्यांनी पहिले निष्कर्ष लिहिले, १९९५ साली पुढचे. जंतू वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायचे आणि ठरावीक दिवसांनी उंदराच्या तळव्यात टोचून जिवंत आहेत का ते बघायचं, अशी ती पद्धत. ओल्या मातीत ते ४६ दिवस जिवंत राहिले. सावलीत वाळवलेले पाच महिन्यांपर्यंत टिकले. रोज तीन तास कडक उन्हात ठेवले तरी सात दिवस जगले. आकडे ऐकून दचकायला होतं, मलाही झालं. पण हे मुद्दाम ठेवलेले जंतू होते, तेही प्रयोगशाळेत. त्यातून एवढं कळलं की हा जंतू हवेत आला की लगेच मरत नाही.

पुढे उत्तर प्रदेशातल्या घाटमपूर भागात आणि पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात गावागावांतली माती आणि पाणी तपासलं. रुग्णांच्या घराभोवती, ते आंघोळ करतात, तोंड धुतात तिथली. तिथं जंतूचा डीएनए सापडला. काही नमुन्यांत तो जिवंत असल्याची खूणही सापडली. रुग्णांच्या घराजवळ जास्त, जिथं रुग्ण नाहीत तिथं कमी. आणि रुग्णाच्या अंगातला जंतू ज्या जातीचा, त्याच जातीचा त्याच्या घराजवळच्या मातीत मिळाला.

नवेगावबांध, नागझिऱ्याच्या बाजूच्या बायांना हे लगेच कळेल. रस्त्यावर वाघाचे पंजे उमटलेले दिसले, तर वाघ इथून गेला एवढं नक्की. पण तो अजून तिथंच बसला आहे, असं त्यातून कळत नाही. डीएनए म्हणजे पंजाची खूण. जिवंतपणाची तपासणी म्हणजे खूण ताजी आहे की जुनी ते बघणं. पण ताज्या खुणेनंही कोणाला चावा बसत नाही. मातीतल्या जंतूनं माणसाला रोग झाला, हे आजवर कोणी सिद्ध केलेलं नाही.

मग मातीत तो आला कुठून? उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातून. ज्याच्या अंगात जंतू खूप आहेत अशा रुग्णाच्या नाकातल्या शेंबडातून एका दिवसात लाखो जंतू बाहेर पडू शकतात. शिंकरलं, थुंकलं, ते जमिनीवर पडलं. म्हणजे वाट माणसाकडून मातीकडे जाते, हे स्पष्ट दिसतं. मातीकडून माणसाकडे वाट आहे का, हे शास्त्रज्ञ अजून शोधत आहेत आणि शोधायलाच हवं. पाण्यात-मातीत अमीबा नावाचा एक पेशीचा जीव असतो, त्याच्या पोटात हा जंतू आठ महिने टिकल्याचं २०१४ साली प्रयोगशाळेत दिसलं. अमेरिकेत आर्माडिलो नावाचा कवच असलेला प्राणी आहे, त्याला हा रोग होतो आणि तिथं काही माणसांना त्याच्याकडून झाला, हे २०११ साली सिद्ध झालं. (आपल्या जंगलातलं खवले मांजर दिसायला थोडं तसं, पण ते वेगळंच. उगाच त्या बिचाऱ्याच्या मागे लागू नका, आधीच शिकाऱ्यांनी त्याला संपवत आणलं आहे.) इंग्लंडकडच्या लाल खारींमध्ये २०१६ साली आणि आफ्रिकेतल्या जंगलातल्या चिंपांझींमध्ये २०२१ साली हा जंतू सापडला. आर्माडिलो अमेरिकेतला, आणि अमेरिकेत हा जंतू बाहेरून गेलेल्या माणसांनी नेला. म्हणजे तिथंही आधी माणसानंच जनावराला दिला असणार.

आपल्याकडे या जंतूचं मुख्य घर माणूसच आहे.

तरी एक हिशेब स्वतःच करून बघा. चिखलातून हा रोग सहज येत असता, तर पिढ्यान् पिढ्या गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या आपल्या झाडीपट्टीत घरटी एक रुग्ण असता. कोहळ्यांनी बांधलेल्या जुन्या तलावांवर अख्खी गावं आंघोळ करत आली. तलावानं रोग दिला असता तर गावात सगळीकडे सारखाच दिला असता. पण तसं दिसत नाही. हा रोग एखाद्या घरात दोघा-तिघांना होतो आणि शेजारच्या दहा घरांत कोणालाच नाही. ज्या घरात उपचार न घेतलेला रुग्ण आहे, त्या घरातल्या माणसांना धोका सगळ्यात जास्त, मग शेजाऱ्यांना, मग बाकीच्यांना. जागतिक आरोग्य संघटना सांगते तेही हेच. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाका-तोंडातून उडणाऱ्या तुषारांतून, महिनोन् महिने जवळ राहिल्यानं तो पसरतो. हात मिळवल्यानं, गळाभेट घेतल्यानं, एका पंगतीत जेवल्यानं, शेजारी बसल्यानं पसरत नाही. त्यातही बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूला हाकलायची ताकद जन्मतःच असते. शंभरातल्या पंच्याण्णव जणांना तो काही करू शकत नाही.

आणि उपचार सुरू झाला की रुग्णाकडून पसरणं थांबतं. हे वाक्य मी त्या बैठकीत तीनदा म्हटलं, इथंही परत म्हणते. उपचार सुरू झाला की पसरणं थांबतं. मग ज्या बाईला सहा महिन्यांपासून गोळ्या चालू आहेत तिला बांधीतून बाहेर काढून आपण कोणाला वाचवलं?

त्या बैठकीनंतर आशाताईला घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो. नाव-गाव सांगत नाही, ओळखायचा प्रयत्नही करू नका. घर दोन खोल्यांचं. ती, नवरा, दोन पोरं, दीर-जाऊ, त्यांची मुलगी आणि सासरे. घरातल्या सगळ्यांची तपासणी आधीच व्हायला हवी होती. बाकीच्यांची झाली होती, पण सासरे त्या दिवशी मुलीकडे गेलेले. आशाताईनं म्हाताऱ्यांना अंगणात उजेडात बसवलं. कानाच्या पाळ्या जाड, गाठी-गाठींच्या. भुवयांचे बाहेरचे केस गेलेले. तोंडाची कातडी तेल लावल्यासारखी चकचकीत. घरातले म्हणाले, वय झालं ना. अंगावर एकही पांढरा चट्टा नव्हता, म्हणून कोणाला संशय आला नव्हता. म्हातारे म्हणाले, नाक तर चार-पाच वर्षांपासून भरलेलं राहतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांनाही गोळ्या सुरू झाल्या. कोणाला कोणापासून झालं हे शपथेवर कोणी सांगू शकत नाही, आणि त्या म्हाताऱ्यांना दोष देण्यात काही अर्थही नाही. त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. पण बघा, गाव तलावाचा घाट राखत बसलं होतं आणि जंतूची खरी जागा थंडीत दार लावून, सगळी लेकरं जवळ घेऊन झोपत होती. आता म्हाताऱ्यांच्या गोळ्या चालू आहेत, नातवंडं त्यांच्याजवळ बसतात. बसू द्यावी.

त्या बाईचं काय झालं म्हणाल, तर ती यंदा रोवण्याला गेली. टोळीतल्या सगळ्या नाही, पण सातजणी तिच्यासोबत गेल्या. दोघी दुसऱ्या टोळीत गेल्या. बैठकीला येते, अजून दाराजवळच बसते. पैसे मात्र आता स्वतःच्या हातानं देते.

तर मैत्रिणींनो, ओळखायचं कसं हे सांगते, कारण आपल्या पूर्व विदर्भात, म्हणजे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, हा रोग राज्यातल्या बाकी भागांपेक्षा जास्त आहे. २००५ च्या डिसेंबरअखेर देशात रुग्णांचं प्रमाण दर दहा हजारांत एकापेक्षा कमी झालं आणि 'दूरीकरण झालं' असं जाहीर झालं. सरकारी शब्द दूरीकरण होता, आपण ऐकला 'संपला'. अजूनही देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात.

कातडीवर फिकट, लालसर किंवा तांबूस चट्टा, जो खाजत नाही, दुखत नाही, आणि तिथं स्पर्श कळत नाही. डोळे मिटून बसवायचं आणि कापसाच्या टोकानं नाहीतर बॉलपेनच्या टोकानं हलकेच शिवायचं. शिवलं ते कळलं नाही, तर दवाखान्यात जायचं. चट्ट्यावर घाम येत नाही, केस विरळ होतात. चट्टा नसतानाही रोग असू शकतो, तो कसा हे म्हाताऱ्यांचं सांगितलं. हाता-पायाला मुंग्या, बधिरपणा, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, सदऱ्याचं बटण लावता न येणं, डोळा पूर्ण न मिटणं, तळपायाची न दुखणारी जखम, हीही लक्षणं. आणि कोड वेगळं. कोडाचा डाग पांढराफटक असतो, पण तिथं स्पर्श कळतो. कोड संसर्गानं होत नाही आणि ते कुष्ठ नाही. दोन्हींची गल्लत करून किती मुलींची लग्नं मोडली असतील, कोणी मोजलं नसेल.

आपल्या बायांची अडचण आणखी एक. चट्टा पाठीवर, कमरेखाली, मांडीवर असला की आपण दाखवत नाही. घरोघरी शोधमोहीम येते तेव्हा आशाताईसोबत एक पुरुष स्वयंसेवक असतो. पण बायांची तपासणी आशाताईनंच, आडोशाला करायची, पुरुषांची त्यानं करायची, अशी रीतच आहे. तेव्हा "काही नाही, सगळं ठीक" म्हणून दारातून वाटेला लावू नका. त्यांनी दारावर खडूनं खूण केली म्हणजे तपासणी झाली असं नाही. तपासणी कपड्याआडच्या कातडीची असते.

उपचार सरकारी दवाखान्यात फुकट आहे. पानावर लावलेल्या गोळ्या असतात, महिन्याचा पहिला डोस कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा, बाकीच्या घरी. रोगाच्या प्रमाणानुसार सहा महिने किंवा बारा महिने. ही बहुविध औषधोपचार पद्धत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आली, आणि देशात जिथं ती आधी राबवली गेली त्यात आपला शेजारचा वर्धा जिल्हा होता. गोळ्यांनी लघवी लालसर होते, कातडी काही काळ काळवंडते. बाया कातडी काळी पडली म्हणून गोळ्या सोडतात. सोडू नका, औषध संपलं की रंग हळूहळू परत येतो. अंगावर पुरळ आलं, डोळे पिवळे झाले, तर मात्र लगेच दाखवायचं. दिवस गेले असतील तरी या गोळ्या थांबवायच्या नसतात, पण डॉक्टरांना सांगून ठेवायचं, कारण बाळंतपणानंतर हातपाय अचानक सुजणं, चट्टे लाल होणं, नसा दुखणं असं होऊ शकतं. त्याला वेगळं औषध आहे आणि ते वेळेत मिळालं तर हाताची बोटं वाकत नाहीत.

रुग्णाच्या घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना तपासून, रोगाची लक्षणं नसतील तर रिफाम्पिसिन या औषधाचा एकच डोस देतात. बांगलादेशात एकवीस हजारांवर लोकांना घेऊन त्याची चाचणी झाली होती. पहिल्या दोन वर्षांत रोग होण्याचं प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी झालं. पूर्ण कवच नाही, पण अर्ध्याहून जास्त धोका एका डोसात कमी होतो. दोन वर्षांखालच्या बाळांना, गर्भवतींना तो देत नाहीत, क्षयाची शंका असेल त्यांनाही नाही. पुष्कळ घरं हा डोस नाकारतात, कारण घेतला की शेजाऱ्यांना कळेल. घाटावर बाईला खाली ढकलणारं गाव आणि डोस नाकारणारं घर, ही दोन्ही एकाच भीतीची लेकरं आहेत.

मातीच्या भीतीला आपल्या विदर्भात मोठा इतिहास आहे. १९३६ साली मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला, १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवनात, १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवनात काम सुरू केलं. आनंदवनाची जमीन दगडधोंड्यांची. रुग्णांनी विहीर खोदली, भाजी पिकवली. सुरुवातीला वरोऱ्यातलं कोणी ती भाजी घेईना, दूध घेईना. कुष्ठरुग्णाच्या हातची माती, कुष्ठरुग्णाच्या हातचं पाणी. हळूहळू लोक घेऊ लागले. त्या भाजीनं वरोऱ्यात रोग पसरल्याचं कधी कोणी ऐकलं नाही.

सासरचे माहेरी धाडायची धमकी देत असतील, तर एक कायद्याचं लक्षात ठेवा. पूर्वी नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येत होता. २०१९ साली संसदेनं वैयक्तिक कायदे सुधारणा कायदा करून हिंदू विवाह कायद्यासह पाच कायद्यांतून ते कारण काढून टाकलं. आता त्या कारणावरून घटस्फोट मिळत नाही. रुग्णांना पकडून कोंडायचा १८९८चा जुना कायदाही २०१६ साली रद्द झाला. ही माहिती ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवा, पुरुष बसलेले असतील तेव्हा वाचा.

शेवटी परत चिखलाकडे येते, कारण चिखलाचा धोका आहेच, फक्त तो तुम्ही समजता त्याच्या उलट्या बाजूनं आहे. चिखलापासून धोका टोळीतल्या बाकी बायांना नाही, त्या रुग्ण बाईलाच आहे. ज्या पायाला संवेदना नाही त्याला बांधीतला काटा कळत नाही, काचेचा तुकडा कळत नाही, धुऱ्यावरची तुरीची खुंटी कळत नाही. दिवसभर पाण्यात पाय भिजून भेगा पडतात, त्यात घाण जाते, जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. बोटं झडतात ती या जखमांनी. लोक समजतात जंतू बोटं खातो. तसं नाही. चुलीशीही तेच. भाकर उलटताना, भाताचं गंज उतरवताना हात भाजतो आणि मांसाचा वास आल्यावर कळतं.

म्हणून तुमच्या टोळीत अशी बाई असेल, तर तिला काठावरची पऱ्ह्यांच्या पेंड्या देण्याची कामं द्या, मजुरी तीच. गंज उतरवायला जाड फडकं किंवा लाकडी मुठीची सांडशी घेऊन द्या, गटाच्या पैशातून शंभर-दीडशे रुपये गेले तर जाऊ द्या. सांजेला घरी आल्यावर तिनं तळपाय उजेडात बघायचे, स्वतःला दिसत नसेल तर पोरीला दाखवायचे. पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्यात हात-पाय भिजवायचे, जाड कातडी खरबरीत दगडानं हळू घासायची, पुसून न घेता ओल्यावरच तेल चोळायचं. खोबरेल असो की मोहाचं असो. जखम असेल तर आधी दवाखाना. बधिर पायांसाठी मऊ तळव्याच्या एमसीआर चपला सरकारी दवाखान्यातून मिळतात, त्या मागून घ्यायच्या. दवाखान्यात नाही म्हणाले तर पुढच्या महिन्यात परत मागायच्या.

रोवणा आटोपला की प्रत्येक गटानं एक दिवस आशाताईला बोलवा. घरातल्या सगळ्यांना उजेडात बसवा, म्हाताऱ्यांना आधी. ज्यांच्या घरी त्या दिवशी कोणी गावाला गेलं असेल त्यांची नावं हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, ती माणसं परत आली की मला कळवा. मी आशाताईला घेऊन येते.